त्यानं नुसतं विचारलंय

आई, चौकशीच्या अहवालाचा मसुदा दोन महिन्यांपूर्वी आला. त्यात तू एका वाक्यात आहेस. नाव नाही, नुसतं ‘सदर महिला’. इंग्रजीत आहे, तुला मराठी करून सांगतो: ‘ध्वनिक्षेपकावरून वेळेवर सूचना देऊनही सदर महिला सूचनेचे उल्लंघन करून घराबाहेर आली.’

तू आणि उल्लंघन. इथं बंगळुरात यशवंतपूरच्या चौकात गाड्या थांबलेल्या असल्या तरी दिवा बदलेपर्यंत माझी बाही धरून उभी राहणारी बाई तू. शेगडी बंद केली की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी. ते वाक्य वाचून मला आधी हसूच आलं. इतकं आलं की सुजाता घाबरली आणि तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. तुझी सून कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी ओरडली. म्हणाली, “आई गेल्या. आता त्या एका ओळीनं आणखी काय बिघडणार आहे?”

बिघडणार होतं. ते वाक्य तसंच राहिलं, तर गल्लीला सगळं सांगून झालेलं आहे असं ठरतं. सांगून झालं, तर आता वेगळं काही सांगायची गरज उरत नाही. म्हणजे मागचं ते कोल्ड स्टोरेज पुन्हा उघडायला मोकळं, आणि भिंतीपलीकडे काय भरून ठेवलंय ते न कळताच आपली रेवा मागच्या खोलीत झोपायला मोकळी. तुझी एक ओळ लावून त्यांचं फाटक उघडणार होतं, म्हणून मी त्या ओळीच्या मागे हात धुऊन लागलो.

तू त्या जागेला ‘बर्फाचा कारखाना’ म्हणायचीस. आत बर्फ नव्हताच. बाजारातले बटाटे, सफरचंदं, चिंचेची पोती तिथं थंड राहतात, आणि तो थंडावा करायला टाक्यांत गॅस भरलेला असतो. आपल्या मागच्या खिडकीतून दिसायची ती भिंत, तिच्यावरची काच, आणि एक पांढरा पाइप. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दुपारी डोळे चुरचुरायचे, नाकात झिणझिण्या यायच्या. तू पदर नाकाला लावून म्हणायचीस, “आज कोणीतरी अख्ख्या गल्लीला कलप लावतंय बघ.” रेवा खो खो हसायची. मग वास जायचा आणि आपण खिडकी उघडायचो. आता त्या हसण्याची आठवण आली की मला घरात बसवत नाही.

माझी नोकरी तुला कधी नीट कळली नाही. शेजारी विचारायचे तेव्हा तू सांगायचीस, “अनिल औषधांत आहे.” मी औषधांत नाही, आई, मी औषधांच्या लेबलात आहे. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या छपाई कंपनीत दिवसभर बाटल्यांवरचा मजकूर वाचतो. आत काय आहे, किती आहे, लहान मुलांपासून दूर ठेवा, डोळ्यांत गेल्यास काय करावं. खोकल्याच्या औषधाच्या एवढ्याशा बाटलीवर एक शब्द कमी पडला तरी सगळा माल परत येतो. आणि घरी आलो की मागच्या भिंतीआड घराएवढी टाकी, तिच्यावर काय लिहिलंय ते वाचायचा मला अधिकार नाही. हे माझ्या डोक्यातून जाईना. तू म्हणायचीस मला खोड आहे. असेल. वीस जणांच्या पंगतीत जाऊन कोणी लोणच्याच्या बरणीचं लेबल वाचत बसत नाही, मी बसतो.

पहिल्यांदा मी फाटकावर जाऊन विचारलं. मॅनेजर भला माणूस होता, खुर्ची दिली, कॉफी मागवली. आत कुठला गॅस आहे विचारलं तर हसला. सुटला तर आम्ही कुठल्या बाजूला पळायचं, असं विचारलं तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं. “एनू आगल्ला सार,” म्हणाला, काही होत नाही. मी विचारत होतो कुठं पळायचं, तो सांगत होता काही होणार नाही. कॉफी संपेपर्यंत आमचं हेच चाललं होतं.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं की नियमात जेवढा साठा असला म्हणजे शेजाऱ्यांना माहिती द्यावी लागते, त्यापेक्षा इथला साठा कमी आहे, म्हणून माहिती द्यायचं बंधन नाही. मी परत विचारलं, कमी म्हणजे किती? उत्तर आलं, ते सांगता येत नाही, तो त्यांच्या धंद्याचा खासगी मामला आहे. म्हणजे कमी आहे हे आपण मानायचं, किती ते विचारायचं नाही. मी ते उत्तर तुला वाचून दाखवलं तेव्हा तू मेथी निवडत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आई, ही मूठ आपल्या नाकाशी धरलेली आहे.”

“मग नाक मागं घे की. मुठीला कशाला हात लावतोस? हात दाखवून अवलक्षण.”

हे आपलं भांडण. ते कधी मिटलं नाही. तुझी बाजू मला कळायची, म्हणून जास्त राग यायचा. तू जन्मभर साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलीस. लोकांची लग्नं मोडताना ऐकलीस, माणसं मेल्याच्या बातम्या घरच्यांच्या आधी तुझ्या कानावर आल्या, आणि घरी येऊन तू कधी चकार शब्द काढला नाहीस. कानावर आलेलं पोटात ठेवायचं, हा तुझा धर्म. ज्याचं आहे त्याला विचारू नये, ज्याला ठाऊक आहे त्यानं बोलू नये. मी एकदा डिवचलं होतं तुला. एका पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडणार आहेत असं दोन साहेबांचं बोलणं तुझ्या कानावर पडलं होतं, आणि हुकूम निघायच्या आधीच तू नदीकाठच्या वस्तीत निरोप पाठवला होतास. “मग तेव्हा का बोललीस?” मी विचारलं.

“तेव्हा मला माहीत होतं. पाणी येणार होतं. तुला काय माहीत आहे? नुसता वास.”

“तेच तर. मला माहीत नाही म्हणून मी विचारतोय.”

तू ताट मांडलंस आणि म्हणालीस, “जेवून घे.” तुझ्याकडे उत्तर नसलं की तू वाढायला घ्यायचीस. ते तुझं उत्तर मला आता कधी मिळणार नाही.

मग तो पोलीस आला. मी फाटकाचा आणि पांढऱ्या पाइपाचा फोटो काढला होता, त्यावर कोल्ड स्टोरेजवाल्यांनी तक्रार दिली. मी कंपनीत होतो. दारात खाकी कपड्यातला माणूस, आणि तो विचारतोय, “अनिल मनेल्ली इद्दारा?” अनिल घरी आहे का, एवढंच. तुला कन्नड येत नव्हतं. भाजीवालीला ‘बेडा’, म्हणजे नको, म्हणायचं आणि दूधवाल्याला ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, एवढ्यावर तू बंगळुरात इतकी वर्षं काढलीस. पण अनिल हे नाव तुला कळलं. संध्याकाळी मी आलो तेव्हा तू देवापुढे बसली होतीस आणि स्वयंपाक झालेला नव्हता. मी पोलीस चौकीत जाऊन आलो, सही केली, हवालदारानं मलाच चहा पाजला. तुला हसत हसत सांगितलं. तू हसली नाहीस.

“आज चहा दिला. उद्या बेड्या घालतील.”

“विचारल्याबद्दल बेड्या नसतात घालत, आई.”

“तुला काय माहीत, कशाकशाबद्दल घालतात ते. मी ऐकलंय.”

तू खरंच ऐकलं होतंस. एक्स्चेंजमध्ये काय काय ऐकलं असशील, देव जाणे. तुझी एक बढाई होती की कितीही खरखर असू दे, दहा माणसं एकदम बोलू देत, त्यातलं नाव मी उचलते. गाव चुकेल, नंबर चुकेल, नाव चुकणार नाही. आम्ही रेडिओ आणि मिक्सर एकदम लावून तुझी परीक्षा घ्यायचो आणि तू दर वेळी पास व्हायचीस.

त्या दिवशीचं मला शांताक्कानं सांगितलं. समोरच्या घरातली शांताक्का, जिचे पूर्वज शहाजीराजांच्या वेळेला इथं आले असं ती सांगते आणि जिच्या मराठीला तू “अर्धी इडली, अर्धी भाकरी” म्हणायचीस. गॅस सुटला तेव्हा ती खिडकीशी होती. तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मला ती तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. मग बोलायला लागली.

“तम्मा, पोलिसाची गाडी आली रे, मैकवाली. सगळ्यांना सांगत होते, अनिल सोरिके आगिदे, यारू होरगे बरबेडी. आम्हाला कळलं. मी किटकी बंद केली. तुझी आई गॅलरीत आली. मला वाटलं, बघून आत जातेल.”

अनिल सोरिके. मी कपाळावर हात मारून घेतला. कन्नडमध्ये अनिल म्हणजे गॅस. अनिल सोरिके म्हणजे गॅसची गळती. आपण यावर हसलो होतो की. सिलिंडरच्या गाडीवरची अक्षरं रेवानं तुला वाचून दाखवली होती, “आज्जी, इथं बाबाचं नाव गॅस आहे.” आणि तू म्हणाली होतीस, “लहानपणापासून आहेच तो.” तुला ठाऊक होतं, आई. सुनावणीत मला हेच विचारलं, त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता का? होता. पण पोलिसांच्या गाडीतून पोराचं नाव आल्यावर कुठली आई त्याचा दुसरा अर्थ शोधत बसते?

शांताक्का पुढं म्हणाली, “आई तुझी वरनं सांगत होती, अनिल घरी नाही, ऑफिसला गेलाय. दोन वेळा सांगितलं तिनं. मैकवाले परत बोलले, बरबेडी, बरबेडी. तेवढ्यात तिचं तोंडच बदललं रे. जिना उतरून पळाली. मी किटकी उघडून बोंबलले, बेडा अम्मा, आत जावा. तिनं बघितलंच नाही. गाडीच्या मागं पळत होती आणि ओरडत होती, त्याला बेडी घालू नका, त्यानं काही केलं नाही, त्यानं नुसतं विचारलंय.”

बरबेडी म्हणजे येऊ नका. यारू होरगे बरबेडी, कोणीही बाहेर येऊ नका. ‘बेडा’ तुला ठाऊक होतं, ते तुझं बाजारातलं होतं. पण ‘बेडी’ तू एकच ओळखत होतीस, हातात घालतात ती. तू त्या खरखरीतून दोनच शब्द उचललेस, अनिल आणि बेडी, आणि दोन्ही बरोबर उचललेस. कोणीही बाहेर येऊ नका असं सांगणाऱ्या आवाजामागे तू बाहेर धावलीस. गाडी भिंतीच्या कोपऱ्यावर वळली होती. तिथंच तो पांढरा ढग खाली उतरत होता. त्या गाडीतल्या पोलिसानंच तुला उचलून आणलं, हे मला लिहायलाच हवं. त्याचेही डोळे सुजले होते. दवाखान्यात तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता की मी सांगत होतो, येऊ नका म्हणून सांगत होतो. मी त्याला म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. खरंच चुकलं नव्हतं. त्याच्या हातात कोणीतरी माइक दिला होता, त्यापलीकडे त्यालाही काही सांगितलेलं नव्हतं.

दवाखान्यात तुझ्या डोळ्यांवर ओल्या पट्ट्या होत्या आणि घशात नळी. डॉक्टरीण तरुण होती. धावत आली आणि मला विचारलं, “कुठला गॅस होता?” आई, तिनं मला विचारलं. जे मी फाटकावर विचारलं, अर्जात विचारलं, अपिलात विचारलं, तेच तिनं मला विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, कलपासारखा वास येतो. अंदाजानं म्हटलं, अमोनिया असेल. ती म्हणाली, “असेल नको, सांगा. आणखी काही मिसळलेलं होतं का?” तिनं कोल्ड स्टोरेजला फोन लावला, घंटी वाजत राहिली. मी मॅनेजरला लावला, त्यानं उचलला नाही. मी तिथं उभा राहून बाटल्यांवरची ओळ आठवत होतो, डोळ्यांत गेल्यास काय करावं. ती ओळ मी कितीदा तपासलीय. तुझ्यासाठी ती कोणी लिहिलेलीच नव्हती. संध्याकाळी अग्निशामक दलाच्या माणसाकडून नाव कळलं, अमोनियाच होता. डॉक्टरीण बाई अंदाजानं बरोबर चालली होती. तरी तुझी फुप्फुसं भरत गेली, आणि चार-पाच दिवसांनी तू गेलीस.

मसुद्यातल्या त्या वाक्यावर मी हरकत घेतली, आणि सुनावणीला ते सगळं सांगितलं. शांताक्काला बरोबर नेलं. ती जरीची साडी नेसून आली, साहेबांसमोर जायचं म्हणून. अधिकारी बाई सभ्य होत्या, मध्ये बोलल्या नाहीत. मी म्हटलं, ही बाई सूचना मोडून बाहेर आली नाही. तिला जे ऐकू आलं त्याप्रमाणे ती वागली. आमच्या गल्लीत बिहारचे हमाल राहतात, तमिळ माणसं आहेत, आम्ही आहोत. गॅस सुटल्यावर गाडीतून कोणत्या भाषेत काय ओरडायचं हा पुढचा प्रश्न. आधी, सगळं शांत असताना, भिंतीवर लिहा ना. आत काय आहे. वास आला तर काय करा. दार लावून बसा, ओलं फडकं धरा. ज्याला जी भाषा येते त्या भाषेत. माझ्या आईला ते वर्षभर रोज खिडकीतून दिसलं असतं, तर त्या दुपारी तो वास आल्यावर गाडीत काय ओरडतायत याची तिला गरजच नव्हती.

बाईंनी पाणी पुढं केलं. मग म्हणाल्या, “तुमचं दुःख मी समजू शकते. पण अनाउन्समेंट झालं होतं, हे तर खरं आहे ना?”

मी हो म्हटलं. खरंच होतं ते.

“मग मी काय लिहू, तुम्हीच सांगा.”

शांताक्कानं पदर सावरला आणि कन्नडमध्ये विचारलं, “अम्मा, तुमच्या घरामागं काय आहे ते तुम्हाला माहीत आहे?” बाईंनी फाइल मिटली. त्यांनाही माहीत नसेल. कोणालाच नसतं, आपल्या घरामागं काय आहे ते.

शेवटच्या अहवालात ते वाक्य राहिलं. साठा नियमापेक्षा कमी, हेही राहिलं. भिंतीवर एक नवी पाटी लागली आहे, कन्नड आणि इंग्रजीत, आणि तिच्यावर लिहिलंय, आत येण्यास मनाई. तुला सांगतो, मी तिचा मजकूर तपासला. शुद्धलेखन बिनचूक आहे.

आज सकाळी कॉम्प्रेसर सुरू झाला. तुला त्याची घरघर आवडायची, कोणीतरी जात्यावर दळतंय असं वाटतं म्हणायचीस. रेवा दात घासत होती, ती तशीच थांबली, तोंडात फेस. मी तिला शिकवलंय, वास आला तर दार-खिडक्या लावायच्या, फटींत ओले टॉवेल कोंबायचे, नाकाला ओलं फडकं. ती विचारते, “आणि तिथं दुसराच गॅस आणला असेल तर?” मला माहीत नाही. आणलाही असेल. आता टाकीत काय आहे, तेच आहे की वेगळं, जास्त आहे की कमी, मला काही म्हणजे काही माहीत नाही. नव्या पाइपाला त्यांनी हिरवा रंग दिलाय, एवढं दिसतं. सुजाता दुसरं घर बघू म्हणते. चामराजपेटेत, शिवाजीनगरात, कुठंही. बघू. पण त्या घराच्या मागं काय आहे हे कोण सांगणार? मी कुठल्या भिंतीला विश्वासानं पाठ टेकू, आई? मला आता कुठल्याही भिंतीची भीती वाटते. कंपनीत लेबल वाचता वाचता अक्षरं दिसेनाशी होतात, मग मी बाथरूममध्ये जाऊन रडतो आणि तोंड धुऊन परत येतो.

टेबलावर नवा अर्ज आहे. सुजाता म्हणाली, “पुरे आता. आईंना कशाची भीती वाटायची, आठवतंय ना?” आठवतंय. तुझी भीती खरी ठरली असं तिला वाटतं, की विचारल्यामुळे हे झालं. मी विचारलं नसतं तर पोलीस घरी आला नसता, पोलीस आला नसता तर तू त्या गाडीमागे धावली नसतीस. मी हा हिशेब रोज मांडतो आणि मध्येच सोडून देतो. कारण गाडीमागे धावताना तू मला थांब म्हणाली नाहीस. सगळ्या गल्लीदेखत, पोलिसांना, तू माझी बाजू सांगत होतीस. घरात कधी मान्य केलं नाहीस ते रस्त्यावर ओरडून सांगितलंस, की विचारणं हा काही गुन्हा नाही. आपलं भांडण तू असं संपवलंस आणि मी ते ऐकायला तिथं नव्हतो.

एक गोष्ट मी सुजातालाही सांगितलेली नाही. दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशी तुझा हात माझा हात शोधत होता. डोळ्यांवर पट्ट्या होत्या तुझ्या. मी माझा पंजा तुझ्या हातात दिला, तर तू तो बाजूला सारलास. मला वाटलं, रागावली आहेस. तू चाचपत मनगटावर आलीस. मनगटाभोवती बोटं फिरवलीस, वर कोपरापर्यंत गेलीस, परत खाली आलीस. मग खाटेवर थोपटलंस, दुसरा हात हवा होता तुला. मी दुसरा दिला. त्याचंही मनगट तू तसंच सगळीकडून चाचपलंस. नर्स म्हणाली, औषधांमुळे असं करतात पेशंट. मी मान डोलावली. तेव्हा मला शांताक्कानं काही सांगितलेलं नव्हतं.

आता मला कळतं तू काय शोधत होतीस. त्यानंतर तुझा हात शांत झाला होता, एवढं मी पाहिलंय. पण औषधानं शांत झाला, की तुला कळलं म्हणून? कळलं होतं ना, आई? दोन्ही हात मोकळे होते. मला कोणी धरलं नव्हतं. अर्ज मी उद्या देईन, उत्तर तेच येईल, ते मला ठाऊक आहे. मला आता जे विचारायचंय ते फक्त तुला ठाऊक होतं.